सत्कारात बसलेली कवळी

भोंग्याचा शेवटचा दात पडला ही बातमी गावाला महिनाभर कळली नाही, कारण गावाला बातम्या सांगणारा तोच, आणि त्याचं बोलणं आता कुणाला कळत नव्हतं.

त्याला भोंगा म्हणायचे ते उगीच नाही. एकतीस वर्षं तो बसस्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते पुकारत असे. ध्वनिक्षेपक आठवड्यातले चार दिवस आजारी. मग हा खिडकीतून मान बाहेर काढायचा आणि नुसत्या घशावर काम भागवायचा. एकदा म्हणे त्यानं चुकून सातची गाडी पावणेसातला पुकारली. ड्रायव्हरनं मनगटाकडे पाहिलं, आपलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं आणि गाडी सोडली. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन बघा. तो आता नाही, पण घड्याळ अजून पुढेच आहे.

निवृत्त झाल्यावर नवव्या वॉर्डानं त्याला पालिकेत धाडलं ते या आवाजाच्या जोरावर. बाकी वॉर्डांची गाऱ्हाणी कामं होऊन मिटतात की विसरून मिटतात ते देव जाणे, आपलं निदान ऐकू तरी जाईल, असा लोकांचा हिशेब. भोंग्यानंही आल्या आल्या पहिला ठराव मांडला तो आवाजाचाच. तोवर पालिकेत मतदान चिठ्ठ्यांनी व्हायचं. पेटीत चिठ्ठ्या एक पडायच्या आणि बाहेर दुसऱ्याच निघायच्या. भोंगा म्हणाला, चिठ्ठी कशाला, तोंड दिलंय ना? यापुढे प्रत्येक सदस्यानं आपली पाळी आली की उभं राहायचं आणि मोठ्यानं एकच शब्द म्हणायचा, मंजूर किंवा नामंजूर. कारकुनाच्या कानावर जो पडेल तो इतिवृत्तात जाईल, आणि एकदा गेला की चिठ्ठीनं, हातवाऱ्यानं, मान हलवून तो बदलता येणार नाही. चिठ्ठ्या बदलणाऱ्यांनाही उघड उघड 'नामंजूर' म्हणायची लाज वाटली, आणि ठराव एकमतानं पास झाला. त्या दिवशी भोंगा छाती काढून घरी गेला. वाटेत चार जणांनी त्याला थांबवून हात मिळवला.

मग दुसऱ्या वर्षी दात जायला लागले. वरचे बिऱ्हाडकरू आधी गेले, मग खालचे, आणि भाडं थकल्यासारखे एकामागून एक सगळेच गेले. राहिलं ते बोळकं. आवाज तोच, खणखणीत, पण आता तो आवाज काय सांगतोय याचा पत्ता लागेना. विशेषतः 'न' तर त्याला सोडूनच गेला. जीभ टेकायला जायची आणि तिथे भिंतच नसायची.

पालिकेचा कारकून जाड भिंगांचा, सरळ माणूस. त्याचं एकच तत्त्व होतं: ऐकू येईल ते लिहायचं, समजेल ते नाही. समजेल ते लिहायला लागलो तर मीच पालिका चालवतो असं होईल, असं तो म्हणे. भोंग्यानं सभेत उठून जीव तोडून सांगितलं, नाल्यावर जाळी टाका. कारकुनानं लिहिलं, 'आल्यावर जाऊ द्या, असे सदस्यांनी सुचविले.' सूचना मान्य झाली. कोण आल्यावर आणि कुणाला जाऊ द्यायचं हे कुणी विचारलं नाही. पालिकेत असले प्रश्न विचारायची पद्धत नाही. पुढच्याच आठवड्यात दूध पोचवणारा एक सायकलवाला त्या उघड्या नाल्यात गेला. मनगट मोडलं. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून तो भोंग्याच्या दारात येऊन उभा राहिला, थोड्या वेळानं गेला.

त्या दिवसापासून भोंग्याला घास गोड लागेना. तसाही तो चावता येत नव्हताच.

खाणवाला त्याच्याकडे आला तो याच दिवसांत. गावाच्या कडेला टेकडी आहे, म्हणजे होती म्हणा, आता अर्धी उरलीय. तिथली दगडाची खाण त्याची. माणूस मऊ, बोलणं मऊ, चपला दारात काढताना जोडी नीट लावणारा. कुणाचं काही घेत नसे. देत मात्र सगळ्यांना असे. त्यानं भोंग्याची चौकशी केली, मुकाट बसून त्याचं अर्धं समजणारं आणि अर्धं न समजणारं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझा मेव्हणा दातांचा डॉक्टर आहे, चांगली कवळी करून देईल, पैशांचं मी बघतो. भोंग्यानं दोन्ही हात हलवले. त्यावर खाणवाला हसला.

"अहो, कवळी बसेल तुमच्या तोंडात, पण चावेल वॉर्डासाठी. तो सायकलवाला तुमच्यामुळे पडला असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत."

तीर बरोबर लागला. तरी भोंगा एकदम पाघळला नाही. पालिकेत स्वतःच्या चहाचे पैसे स्वतः देणारा तो एकटा. रस्त्याच्या ठेकेदारानं पाठवलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यानं 'माझं घड्याळ चालतं' म्हणून परत धाडलं होतं. म्हणून तो आधी कारकुनाकडे गेला आणि कागदावर लिहून विचारलं, कवळी घेतलेली चालते का?

कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं, फुंकर मारली, पानं उलटली. नियम साफ होता. सदस्यानं भेटवस्तू घेऊ नये. आता भेटवस्तू कशाला म्हणावं, तर जी विकता येते किंवा दुसऱ्याला देता येते तिला. जी एकदा घेतली की दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची राहत नाही, जसं फुलं किंवा खाण्याचा पदार्थ, ती भेट नव्हे, तो सत्कार. सत्काराला हरकत नाही. कारकुनानं पेनचं टोपण ओठांवर आपटत बराच विचार केला. कवळी हा खाण्याचा पदार्थ नाही, पण खाण्याला लागते. शिवाय एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही.

"तोंडात बसायची तेव्हा बसेल," तो म्हणाला, "सत्कारात मात्र बसली."

आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की भिंगं पुसावी लागली. भोंगाही हसला. आपल्या मनातलं पुस्तकात निघालं की माणसाला हसू येतंच.

मेव्हण्यानं साचा घेतला, दोनदा घासूनपुसून पाहिलं आणि तिसऱ्या खेपेला भोंग्याच्या तोंडात बत्तीस शुभ्र दात चढवले. आरशासमोर उभं राहून भोंग्यानं एकतीस वर्षांचे सगळे थांबे ओळीनं पुकारले. 'न' परत आला. दवाखान्याबाहेर बाकावर बसलेली एक बाई आपली पिशवी उचलून उठली, म्हणे गाडी लागली वाटतं.

पुढच्या सभेत नाल्यावर जाळी मंजूर झाली आणि पंधरा दिवसांत बसलीही. सायकलवाल्यानं लांबून हात केला, चांगला हात. आता सांगा, यात वाईट काय झालं? भोंग्याला तरी काही दिसेना. फक्त अक्काला दिसलं.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा आणि ती पंधराची. तिनं लग्न केलं नाही. शिंप्याकडची काजंबटणं करून तिनं याला वाढवला, शिकवला, नोकरीला लावला. आता ती पंचाहत्तरीच्या पुढे होती आणि अजून काजंबटणं करत होती. टेकडीच्या पायथ्याशी चौदा घरांची एक गल्ली आहे. त्यातलं शेवटचं, दोन खोल्यांचं घर तिचं. खाण घराच्या पाठीशी. दुपारी सुरुंग उडाला की फडताळातली भांडी आपापसांत बोलायची, म्हणून तिनं भांडी जमिनीवर मांडायला घेतली होती. मागच्या भिंतीला तडे गेले होते. त्यांच्यावर ती वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवून ठेवी आणि पट्टीवर तारीख घाली. पट्टी फाटली की भिंत सरकली. एका तड्यावर आता एकावर एक नऊ पट्ट्या झाल्या होत्या. शिवलेले पांढरे सदरे मात्र ती पेटीत, दोन चादरींच्या मध्ये ठेवी. तिच्या हातचा सदरा धुळकट गेला असं शिंप्यानं चाळीस वर्षांत म्हटलं नव्हतं.

भोंगा नवीन तोंड दाखवायला गेला तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. तिनं वर पाहिलं.

"कुणाचे रे दात हे?"

"माझे."

"तुझे पडले ते. हे कुणाचे?"

भोंग्यानं सगळं सांगितलं. कारकून, पुस्तक, सत्कार, जाळी, सायकलवाला, काही सोडलं नाही. अक्कानं ऐकून घेतलं. सत्काराच्या जागी तिला हसू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. तिच्या डोक्यावरच्या भिंतीतून त्या वेळी बारीक माती गळत होती. ती म्हणाली, "ज्यानं तोंड दिलं त्याच्या विरुद्ध ते उघडायचं म्हटलं तर जड जातं रे, बाळ्या. लाच खाल्ली असतीस तर निदान हिशोब मिटला असता."

भोंगा रागावला. म्हातारीला सगळ्यात खोटच दिसते, असं मनाशी म्हणत घरी आला.

पण मिंधेपणाची गंमत अशी की लाच घेणाऱ्याला आपला भाव माहीत असतो. मिंध्याला तो स्वतःच ठरवत बसावं लागतं, आणि प्रत्येक वेळी तो थोडा वाढवूनच ठरवतो. खाणवाल्यानं कधी शब्द टाकला नाही. दर महिन्याला त्याची गाडी दारात यायची, कवळी घासून बसवायला मेव्हण्याकडे न्यायची, परत आणून सोडायची. वाटेत भेटला तर खाणवाला एवढंच विचारी, "चावायला त्रास नाही ना?" हा म्हणे, छे छे. बस. एवढंच बोलणं.

अक्काच्या गल्लीनं अर्ज केला, की सुरुंग निदान मुलं शाळेतून घरी येण्याआधी उडवा. गल्ली नवव्या वॉर्डातली, म्हणून तो सभेत वाचायचं काम भोंग्याचं. त्यानं वाचला, स्पष्ट, खणखणीत. फक्त 'खाणीमुळे घरांना तडे गेले' हे वाक्य आलं तेव्हा त्याच्या तोंडून 'घरांना तडे गेले' एवढंच बाहेर पडलं. कुणी अडवलं नव्हतं. नंतर त्यानं शपथेवर सांगितलं की 'खाण' शब्द येताच कवळीनं त्याची जीभ चावली. जिभेवर खूणही होती. मेव्हणा म्हणाला, थोडी घासावी लागेल. घासली. पुढच्या महिन्यात धुळीचा विषय निघाला आणि कवळी पुन्हा चावली. मग भोंगा त्या विषयावर बोलेनासाच झाला. जीभ आपलीच असते, किती चावून घ्यायची?

असे आठ महिने गेले आणि मग तो प्रस्ताव आला. खाण साठ पावलं पुढे सरकवायची. साठ पावलं कुठल्या दिशेला, तर जिकडे टेकडी उरली होती त्या, म्हणजे गल्लीच्या दिशेला. चौदा घरं रिकामी करायची आणि माणसांना गावाबाहेर, कचरा टाकतात त्या माळाच्या पलीकडे, पत्र्याच्या खोल्या द्यायच्या. अक्का म्हणाली, मी इथून हलणार नाही. मग म्हणाली, हलवतील. मग म्हणाली, पत्र्याखाली उन्हाळ्यात या वयात मी किती दिवस काढेन ते तूच मोज. हे तिन्ही तिनं एका दमात, बटण लावता लावता सांगितलं.

पालिकेत सदस्य नऊ. कोण कुणीकडे हे गावातल्या न्हाव्यापासून सगळ्यांना पाठ होतं. चार खाणीचे, चार गल्लीचे, आणि पुकारा वॉर्डांच्या क्रमानं होत असल्यामुळे सगळ्यात शेवटी नववा, भोंगा.

सभेच्या दोन दिवस आधी खाणवाला आला. चपला नीट लावल्या, बसला, पाणी प्याला. प्रस्तावाचं नाव काढलं नाही. उठताना भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही नामंजूर म्हणालात तरी दात तुमचेच बरं का. मनात काही आणू नका."

तो गेल्यावर भोंगा बराच वेळ खुर्चीतून उठला नाही. धमकी दिली असती तर हा गरजला असता. पैसे पुढे केले असते तर फेकले असते. पण या वाक्याला पकडायला कुठे कड नव्हती. आजवर तो नुसता मिंधा होता. आता ते त्याला कळलं, आणि कळल्यावर अंगाची आग झाली. त्यानं मनाशी पक्कं केलं की नामंजूर तर म्हणायचंच, पण या दातांनी नाही. सत्कार आधी परत करायचा, सगळ्यांच्या देखत, आणि मग स्वतःच्या तोंडानं बोलायचं.

इथेच त्याची चूक झाली. कवळी घेतली ती चूक पुस्तकात बसणारी होती. ही कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्याला आपलं तोंड स्वच्छ करायचं होतं, आणि त्या गडबडीत ते उघडायचं कशासाठी हे मागे पडलं. अक्काला त्यानं बेत सांगितला असता तर तिनं एका वाक्यात सरळ केला असता. पण त्यानं सांगितला नाही. त्याला वाटलं, ती इतरांच्या तोंडून ऐकेल तर जास्त शोभेल.

सभा दुपारी बाराला. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लांब टेबल, हिरवं कापड, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. मागे लोकांसाठी बाकं. गल्लीतले दहा-बारा जण आले होते. अक्का आली नव्हती, तिला जिने चढवत नसत. खाणवाला शेवटच्या बाकावर, कडेला. अध्यक्षबाई कडक, पण पक्षपात करणाऱ्या नव्हत्या. नियमात बसेल ते करायचं आणि न बसेल ते नाही, एवढंच त्यांना येई, आणि तेवढं त्या चोख करत.

पुकारा सुरू झाला. मंजूर. नामंजूर. नामंजूर. मंजूर. आठव्यापर्यंत चार-चार. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, वॉर्ड नऊ.

भोंगा उभा राहिला. कारकुनानं पेन कागदावर टेकवलं. भोंग्यानं तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही पुढच्या पेल्यात सोडल्या. पाण्यात त्या किंचित उघडल्या, बसल्या. मागच्या बाकावर कुणीतरी श्वास आत ओढला. भोंग्यानं खाणवाल्याकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि बसस्थानकावरच्या त्या जुन्या आवाजात एकच शब्द पुकारला.

खिडक्यांची तावदानं हलली म्हणतात. पण आठ महिने भिंतीला टेकायची सवय झालेली जीभ टेकायला गेली आणि आत काही नव्हतं. 'न' निघालाच नाही. निघाला तो वारा.

कारकुनानं लिहिलं आणि पद्धतीप्रमाणे वाचून दाखवलं, "वॉर्ड नऊ. हां, मंजूर."

खाणीच्या बाजूचा एक जण हसला आणि मग सगळेच हसले. गल्लीतले लोकसुद्धा क्षणभर हसले, कारण ते खरोखर तसंच ऐकू आलं होतं. भोंग्यानं टेबलावर मूठ आपटली, मान जोरजोरात हलवली, पुन्हा ओरडला. पुन्हा तेच. जितका जोर लावी तितका 'हां' ठसठशीत होई. त्यानं कागद ओढून मोठ्या अक्षरात 'नामंजूर' लिहिलं आणि वर धरलं. अध्यक्षबाईंनी तो वाचला. चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसलं, पण म्हणाल्या, चिठ्ठी, हातवारे आणि मान यांची नोंद होत नाही, हा ठराव आपलाच आहे. मग थोड्या पुढे झुकल्या.

"कवळी लावा आणि नीट सांगा. मी थांबते."

खरंच थांबल्या. त्यांना घाई नव्हती. पेला भोंग्याच्या हातापासून वीतभर लांब होता. हात घालायचा, कवळी चढवायची, एक शब्द म्हणायचा, आणि चौदा घरं राहतात. त्याचा हात पुढे गेलाही. आणि तेवढ्यात त्याची नजर शेवटच्या बाकावर गेली. खाणवाला हसत नव्हता. त्यानं मायेनं मान हलवली, लावा की हो, असं. म्हातारा माणूस औषध घ्यायला कुरकुरतो तेव्हा घरचे हलवतात तशी.

भोंग्याचा हात मागे आला. त्याच्या संमतीनं, त्याच्या दातांनी, त्याच्याच विरुद्ध? एवढ्या लोकांदेखत थुंकलेलं पुन्हा चाटायचं? त्यानं ओठ घट्ट मिटले. अध्यक्षबाईंनी नियमाप्रमाणे तीनदा विचारलं. दुसऱ्या खेपेला गल्लीतली एक बाई मागून रडवेल्या आवाजात म्हणाली, लावा हो काका, लावा ना. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेनंतर अध्यक्षबाईंनी पुढचा विषय घेतला. प्रस्ताव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर.

पुढच्या महिन्याच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा दुरुस्ती सुचवता येते. भोंग्यानं दुरुस्तीचा अर्ज आधी लेखी दिला. अध्यक्षबाईंनी तो नियमाप्रमाणे वाचला आणि विचारलं, सदस्य 'नामंजूर' म्हणाले होते असं ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी कुणाचं अनुमोदन आहे का? गल्लीच्या बाजूचे चौघे होते. त्यांना मनापासून मदत करायची होती. पण त्यांनीही ऐकलं होतं ते 'हां, मंजूर'. दोघांनी टेबलाकडे पाहिलं, एकानं खिडकीकडे, आणि चौथा भोंग्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, काका, खरं सांगू का, तुम्ही शेवटी कच खाल्लीत असंच मला वाटलं होतं, म्हणून मी नंतर भेटलो नाही. इतिवृत्त कायम झालं.

कवळी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या शिपायानं घरी आणून दिली होती, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर चिठ्ठी: सदस्यांची विसरलेली वस्तू. भोंग्यानं ती खाणवाल्याकडे पाठवली. खाणवाल्यानं परत पाठवली. म्हणे, माझ्या तोंडात बसणार नाही, मी काय करू तिचं?

गल्लीला नोटिसा आल्या. महिना मिळाला. पहिल्या पंधरवड्यात नऊ घरं गेली. जाताना कुणी भोंग्याला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या देण्याइतकंही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. गावात मात्र बोलणं चालू होतं. कवळी काढणं हे खाणवाल्याशी आधीच ठरलेलं नाटक होतं, त्यात शंका नाही, असं न्हाव्याच्या दुकानात ठरलं. म्हाताऱ्यानं बहीण विकली आणि दात दाखवून विकली. भोंगा दुकानावरून गेला की आतले गप्प होत आणि पुढे गेला की एक जण घसा खाकरून म्हणे, हां, मंजूर.

अक्कानं त्याला बोलावलं तेव्हा दुपार होती. गल्ली जवळजवळ रिकामी झाली होती. उघड्या दारांतून मागच्या भिंती दिसत होत्या आणि भिंतींमागे टेकडीचं तोडलेलं अंग. घरात तिनं पट्ट्यांची भिंत तशीच ठेवली होती, शेवटची तारीख आदल्या दिवशीची. पेटी उघडी होती. ती खाली बसलेली, मांडीवर अर्धा सदरा.

तिनं त्याला समोर बसवलं. म्हणाली, सगळं गाव येऊन सांगून गेलं. कुणी म्हणतं घाबरलास, कुणी म्हणतं ठरवून केलंस. मी कुणाचं ऐकलेलं नाही.

"तिथे म्हणालास तसं म्हण. मला ऐकू दे."

भोंग्यानं खिशातून पुठ्ठ्याचं खोकं काढायला घेतलं. तिनं हात धरला. लावून म्हटलंस तर काय ऐकू येईल ते मला माहीत आहे, म्हणाली. मला तिथलं ऐकायचंय.

त्यानं तोंड उघडलं. या घरात तो बोलायला शिकला होता. पहिले शब्द तिनंच त्याच्याकडून घोटून घेतले होते, चुकला की पुन्हा, पुन्हा. त्यानं जिवाच्या आकांतानं जीभ वर नेली आणि शब्द म्हटला.

अक्का त्याच्या ओठांकडे बघत होती. ती म्हणाली, "परत."

त्यानं परत म्हटला. या वेळी हळू, एकेक अक्षर सोडवून. म्हणता म्हणता तो स्वतःही ऐकत होता, कान देऊन, परक्या माणसाचं ऐकावं तसा. आणि त्याला स्वतःलाही सांगता येईना की आत 'न' होता की नव्हता. त्या दिवशी होता का, हेही सांगता येईना.

टेकडीवर सुरुंगाची शिट्टी वाजली. अक्कानं सदऱ्याचं शेवटचं बटण टाचलं, दोरा तोडला, सदऱ्याची घडी घालून ती पेटीत ठेवली.

"कारकुनानं बरोबर लिहिलंय," ती म्हणाली.

मग गुडघ्यावर हात टेकून उठली, जमिनीवरची भांडी एकात एक घालू लागली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली की गाडीवाला चारला येतो, ती पेटी त्या बाजूनं धर.